उजव्या मडगार्डची भुवई

त्या वसंतात पेनरिजच्या कारखान्यात एक गोष्ट सगळ्यांना पक्की ठाऊक होती. क्लिफ बफ्टन मेल्यावरही कामावर येतो. जेवणाचा भोंगा झाला, माणसं कँटीनकडे गेली, की मागच्या दाराने पत्राखान्यात, जिथे गाड्यांचा पत्रा ठोकतात तिथे, शिरतो. ऑब्रे प्रीस आपल्या डब्यातलं अर्धं कांदा-चीज सँडविच त्याच्यापुढे ठेवतो आणि त्या बदल्यात क्लिफ गाडीचा उजवा मडगार्ड ठोकून देतो. दुसरा भोंगा व्हायच्या आत निघून जातो. रंगखात्यातल्या मॅव्हिसने तर सँडविचवर दातांच्या दोन वेगळ्या खुणा पाहिल्या होत्या, आणि त्यातली एक कवळीची होती.

यातलं बरंचसं खोटं आहे. मला ठाऊक असणारच, निम्मी अफवा मीच पसरवली होती. क्लिफ फेब्रुवारीपासून चर्चच्या मागे, भिंतीकडच्या रांगेत होता. त्याच्या पेटीवर मूठभर माती मीही टाकली होती. उजवे मडगार्ड ऑब्रेच करत होता आणि सँडविचचे दोन्ही अर्धे तोच खात होता. पण खरी गोष्ट कळल्यावर मला जास्त बरी झोप लागली, असं काही नाही.

पेनरिजची गाडी म्हणजे लाकडाचा सांगाडा, त्यावर हाताने ठोकलेला ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आत कातडी बैठका. बैठका शिवणाऱ्या चौघींत मी सगळ्यांत लहान, सतरा वर्षांची, उमेदवारीचं दुसरं वर्ष. नाव टॅन्सी, पण हाक मैना. एकदा ऐकलेला आवाज माझ्या घशात घर करतो, त्याला मी तरी काय करणार? फोरमनचं शिंकणं, चर्चमधल्या व्हिकरचं 'आता आपण उभे राहू या', मॅव्हिसचं फोनवरचं आणि फोन ठेवल्यानंतरचं बोलणं, सगळं येतं. कारखान्यात व्यवस्थापक सोडले तर सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, म्हणून ऑब्रे साठीचा असला तरी इथे अरे-तुरेच चालेल. अहो-जाहो केलं असतं तर त्याने मागे वळून पाहिलं असतं, कोण आलंय म्हणून.

त्या वर्षी कंपनीला शंभर वर्षं झाली. त्यासाठी शंभर गाड्या निघायच्या होत्या. शंभरच, एकशेएकावी नाही. प्रत्येकीच्या डॅशबोर्डवर पितळी पट्टी आणि पट्टीवर तिचा नंबर. पहिला पत्रा कापायच्या आधीच सगळ्या विकल्या गेल्या होत्या, आणि विकल्या गेल्या त्या भुवईसाठी.

भुवईचं असं. गाडी ताब्यात द्यायच्या खोलीत फरशीवर एक पितळी खिळा बसवलेला आहे, गाडीच्या नाकापासून सहा पावलांवर. घेणारा आधी त्या खिळ्यावर उभा राहतो. दार नंतर, किल्ली नंतर. तिथून पाहिलं की दिसतं: चालकाच्या बाजूचा, म्हणजे उजवा मडगार्ड दिव्याच्या मागे केसभर उंच चढलेला असतो. गाडी एक भुवई उचलून तुमच्याकडे पाहते. 'बरं, तू का?' असं. ती उंची कुठल्या आराखड्यात नाही. एकतीस वर्षांपूर्वीच्या फोरमनने डावखुऱ्या क्लिफला चुकून उजव्या बाजूला बसवलं, आणि डाव्या हाताचा ठोका तिथे तसा पडत गेला. चूक दुरुस्त करायची कुणाला तरी आठवण होईपर्यंत लोक तिच्यासाठी रांग लावू लागले होते.

डावा मडगार्ड ऑब्रेचा. कामाच्या एकाच बाकाला समोरासमोर दोघं, मध्ये दोन हातांचं अंतर, प्रत्येकापुढे वाळू भरलेली कातडी पिशवी, पिशवीवर पत्रा, हातात लाकडी मोगरी. एकतीस वर्षं. त्यातली शेवटची अकरा वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. शिडी. ऑब्रे म्हणे, मी तुला शिडी दिली, तू परत केली नाहीस. क्लिफ म्हणे, मी परत केली, तूच कुठे ठेवलीस बघ. एवढंच. त्यानंतर अकरा वर्षं दोघं तिसऱ्याकडून बोलले. मडगार्ड आणि गाडीचं अंग यांच्या फटीत जो कातडी गोट बसतो त्याचं माप घ्यायला मी रोज पत्राखान्यात जायचे, म्हणून शेवटचं वर्षभर तो तिसरा मी होते.

"त्याला सांग," क्लिफ मान न उचलता म्हणायचा, "कड वर आलीये."

ऑब्रे दोन हातांवर. त्याला ऐकू आलेलं असायचं. तरी मी त्याच्याकडे वळायचे आणि क्लिफच्याच आवाजात, नाकातून, शेवटचा शब्द अर्धा गिळून म्हणायचे, "कड वर आलीये."

"त्याला सांग, माझी कड मी बघीन."

मी परत वळायचे, ऑब्रेसारखी छाती खरवडून. "माझी कड मी बघीन."

"त्याला सांग, गाडी काय त्याची एकट्याची आहे?"

"त्याला सांग, बघू."

"बघू जेवल्यावर," क्लिफ म्हणायचा. हे त्याचं ठरलेलं. पगारवाढ, पाऊस, गुडघ्याचं ऑपरेशन, काहीही विचारा: बघू जेवल्यावर. आणि दोघांच्या मोगऱ्या पुन्हा सुरू. ऑब्रेचा ठोका सरळ, घड्याळासारखा. क्लिफचा टक-टक, मग थांबा, मग एक टक, जरा उशिराचा, दाराशी कुणी जाऊ की नको करत असल्यासारखा.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी ऑब्रे हात धुवायला गेला असताना क्लिफने मला जवळ बोलावलं. त्याच्यापुढे अर्धा झालेला मडगार्ड होता. म्हणाला, "त्याला सांग, शिडी माझ्याच शेडमध्ये आहे. पहिल्यापासून."

तेवढ्यात भोंगा झाला. मला वाटलं, हे सोमवारी सांगू, असं काही रोज हातात येत नाही. नीट क्लिफच्या आवाजात, सगळ्यांदेखत सांगू. शनिवार-रविवार मी आरशापुढे त्याचा सरावही केला. रविवारी दुपारी क्लिफ जेवून खुर्चीत टेकला तो उठलाच नाही.

मी ते सांगितलं नाही. सोमवारी सांगणं शक्य नव्हतं, दफनाच्या दिवशी तर नाहीच, आणि मग रोज ते अधिकच अशक्य होत गेलं. मेलेल्या माणसाचा निरोप कुणाच्या आवाजात द्यायचा?

क्लिफ गेला तेव्हा त्रेसष्ट गाड्यांना भुवया आलेल्या होत्या. सदतीस उरल्या. कारखान्याच्या व्यवस्थापक मिसेस टॉली पत्राखान्यात आल्या, क्लिफच्या रिकाम्या स्टुलाशेजारी उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत.

"उरलेले उजवे बाहेरून घेऊ," त्या म्हणाल्या. "कॉव्हेंट्रीला एकजण साच्यात दाबून देतो."

"साच्यात भुवई येणार नाही," ऑब्रे म्हणाला.

"मग डावेही तिथूनच घेऊ. निदान दोन्ही बाजू एकसारख्या होतील."

म्हणजे ऑब्रेचा बाकही गेला. पण तो बाकाबद्दल बोललाच नाही. म्हणाला, "मला मे अखेरपर्यंत द्या. चौसष्टावीचा उजवा मी करतो. तुम्ही खिळ्यावर उभ्या राहा. भुवई दिसली नाही तर मागवा तुमचे दाबलेले."

"तुम्ही उजव्या हाताचे आहात, ऑब्रे."

"हो," ऑब्रे म्हणाला, "आजपर्यंत."

मग मार्चमध्ये तो आवाज सुरू झाला. रोज जेवणाच्या सुट्टीत. डोंगरावरून धुकं उतरून अंगणात बसलेलं असायचं, कँटीनच्या काचा चहाच्या वाफेने भरलेल्या, आणि पलीकडून टक-टक, थांबा, टक. पुडिंगवर चमचे थांबायचे. मग मॅव्हिस म्हणायची, "पाइप असेल," आणि सगळे म्हणायचे, पाइपच. मला तर ऊत आला होता. मी बायकांच्या संडासात क्लिफचं खोकणं काढलं, मॅव्हिस अर्धवट कपड्यांनिशी बाहेर आली. कवळीची खूणही मीच सुचवली होती.

एके दिवशी माझी मापाची फीत पत्राखान्यात राहिली. सुट्टीतच आणायला गेले. दाराशी पोचले आणि गंमत संपली. आतून क्लिफ ठोकत होता. पाइप नाही, तसलं काही नाही. मी त्याची नक्कल वर्षभर केलेली. माझ्याइतका तो ठोका कुणाला ओळखू येणार?

दार ढकललं. पाठमोरा माणूस क्लिफच्या स्टुलावर, क्लिफचा एप्रन घालून बसला होता. मोगरी डाव्या हातात. उजवा हात एप्रनच्या पट्ट्यात खुपसून बांधलेला. टक-टक, थांबा. त्या थांब्यात काय झालं मला आजही कळत नाही. मी काही ठरवलं नव्हतं. माझा घसा आपणहून म्हणाला, नाकातून, शेवट गिळून, "त्याला सांग, कड वर आलीये."

"सांग त्याला, मला दिसतंय," तो माणूस न वळता म्हणाला.

मग मोगरी खाली आलीच नाही. हवेत राहिली.

"मैना," ऑब्रे म्हणाला. "तूच ना?"

"हो."

"नक्की?"

"हो रे, मीच. चुकलं माझं."

त्याने मोगरी ठेवली, पण वळायला वेळ लावला. वळला तेव्हा चेहरा पुसलेला होता. कोपऱ्यात बिघडलेले मडगार्ड एकात एक रचून ठेवले होते, अकरा. शेजारी क्लिफचा अर्धा मडगार्ड फडक्याखाली झाकलेला, फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी होता तसाच.

"कुणी पाहू नये म्हणून सुट्टीत करतो," तो म्हणाला. "हात शिकला, पण ठोका येत नाही. एखाद दिवशी येतो, की दुसऱ्या दिवशी माझाच परत येतो."

"थांबा कमी पडतोय," मी म्हणाले. "क्लिफ त्या थांब्यात श्वास घ्यायचा. तू घेत नाहीस."

ऑब्रेने समोरच्या, स्वतःच्या स्टुलाकडे बोट केलं. "देशील मला? नुसता ठोका. आवाज नको."

त्या दिवसापासून मी सुट्टीत त्याच्यासमोर, त्याच्याच स्टुलावर बसू लागले. मी जिभेने ठोका द्यायचे, क्लिफचा श्वास घ्यायचे, ऑब्रे डाव्या हाताने मागून यायचा. कँटीनमध्ये आता दोन क्लिफ ऐकू येऊ लागले आणि मॅव्हिसने डबा घरी जाऊन खायला सुरुवात केली. शिडीचा निरोप रोज माझ्या दातांमागे असायचा. रोज मी तो गिळायचे. ठोका बरोबर येऊ लागला होता. ऐन वेळी तो बिघडला असता तर?

मेच्या शेवटच्या मंगळवारी चौसष्टावी गाडी त्या खोलीत उभी केली. बिनरंगाची, चंदेरी. मिसेस टॉली पितळी खिळ्यावर उभ्या राहिल्या. आधी हसल्या, मग हसू थांबलं. एक पाऊल डावीकडे सरकल्या, पुन्हा खिळ्यावर आल्या.

"क्लिफने किती करून ठेवले होते?" त्यांनी हळू विचारलं.

"अर्धा," ऑब्रे म्हणाला. "तो फडक्याखाली आहे. अजून हात लावलेला नाही."

"मग हा..."

"हा पंधरा दिवसांपूर्वीचा."

मिसेस टॉली खिळ्यावरून उतरल्या आणि गाडीच्या समोरून न जाता भिंतीच्या कडेने बाहेर गेल्या. दारातून म्हणाल्या, "कॉव्हेंट्रीला मी नकार कळवते."

इथे गोष्ट संपायला हवी होती. ऑब्रे जिंकला, बाक राहिला, मी सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकलं. कुणाचा विश्वास बसला नाही, पण ते जाऊ दे. मीही उन्हाळाभर मिरवलं. आवाज काढणं मला येतं, तसं काढून टाकणंही येतं: व्हिकर झाले की पुन्हा टॅन्सी होते, जेवायच्या आत. ऑब्रेचं तसं नव्हतं.

जूनमध्ये तो चहा डाव्या हाताने पिऊ लागला. जुलैमध्ये पगाराच्या कागदावर सही डाव्या हाताने केली, फोरमनने परत पाठवली. त्याची बहीण इनिड, जिच्याबरोबर तो राहतो, मला बेकरीत भेटली. म्हणाली, "काल विचारत होता, दाराजवळची कोटाची खुंटी कुणी हलवली. खुंटी तिथेच आहे गं, चाळीस वर्षं. क्लिफच्या घरी असते दुसऱ्या बाजूला." ऑगस्टमध्ये मी विचारलं, "ऑब्रे, नव्वदावीचा गोट आज मापू का?" आणि तो म्हणाला, "बघू जेवल्यावर."

म्हणाला, आणि मोगरी खाली ठेवली.

"हे तू शिकवलंस का मला?" त्याने विचारलं.

"नाही. मी नुसता ठोका दिला."

त्याने डाव्या हाताकडे पाहिलं, कुणाची तरी वस्तू चुकून उचलून आणावी तसं. त्याचे स्वतःचे डावे मडगार्ड अजून होत होते, पण फोरमन मोजपट्टी दोनदा लावायला लागला होता.

सप्टेंबरात शंभरावी आली. तिच्यासाठी ऑब्रेने फडकं काढलं. क्लिफचा अर्धा मडगार्ड पूर्ण करायला त्याला जेवणाच्या चार सुट्ट्या लागल्या. या वेळी त्याने मला ठोका मागितला नाही. घासून, पुसून त्याने तो बाकावर ठेवला. आमच्याकडे रिवाज आहे, मडगार्ड गाडीवर चढायच्या आधी करणारा आतल्या बाजूला, जिथे पुन्हा कुणाची नजर जाणार नाही तिथे, पेन्सिलीने नाव लिहितो. शिवणखात्याचं नाव तिथे कधीच गेलेलं नाही.

"पैज," मी म्हणाले. "डोळे मिटून सांगते, क्लिफचं कुठे संपतं आणि तुझं कुठे सुरू होतं. सांगितलं तर आत माझं नाव."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तू सांग."

"तर त्याचा आवाज पुन्हा काढायचा नाही. कुठेच. संडासातसुद्धा नाही."

"चालेल." मला काय, मी जिंकणारच होते. या कानांनी वर्षभर दोघांना ऐकलं होतं.

"दफनाच्या दिवशी मी आतून पेन्सिलीने रेघ मारून ठेवलीये," ऑब्रे म्हणाला. "तो थांबला होता त्या जागेवर. मग लबाडी नको."

मी डोळे मिटले. बोटांनी पत्रा चाचपला, नखाने वाजवत गेले. दिव्याच्या मागे, भुवईच्या चढावर, मला क्लिफ सापडला. शपथेवर सांगते, सापडला. त्याचा श्वास होता तिथे, तो उशिराचा ठोका होता, माझ्या मानेवर काटा आला. तिथून खाली उतरताना पत्रा सरळ झाला, घड्याळासारखा: हा ऑब्रे.

"इथे," मी म्हणाले, आणि बोट टेकवलं. "वरचं त्याचं, खालचं तुझं."

ऑब्रेने माझं बोट तसंच धरून मडगार्ड पालथा केला. रेघ वीतभर दूर होती, आणि बाजू उलट्या. खालचं सरळ काम क्लिफचं होतं, शेवटच्या शुक्रवारचं. भुवई सगळी ऑब्रेची.

मी त्याच्याकडे पाहिलं. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. मला तेव्हा कळलं, मी जिंकावं, याची तो वाट पाहत होता. मी योग्य जागी बोट ठेवलं असतं, तर ऑब्रे प्रीस म्हणून कुणीतरी अजून वेगळं उरलंय, कुठूनतरी सुरू होतंय, असं ठरलं असतं.

आता माझ्याकडे क्लिफचा आवाज नव्हता. पैज ती पैज. मग जे होतं ते माझ्याच आवाजात सांगावं लागलं, आणि माझा आवाज इतका बारीक आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

"ऑब्रे, त्या शुक्रवारी क्लिफने निरोप दिला होता. मी सांगितला नाही. म्हणाला, शिडी माझ्याच शेडमध्ये आहे. पहिल्यापासून."

ऑब्रेने मोगरी उचलली, बाकावर ठेवली, पुन्हा उचलली.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला, छाती खरवडून, अगदी त्याच्या स्वतःच्या आवाजात. उन्हाळाभर मी तो ऐकला नव्हता. "दर सप्टेंबरात तो पबमध्ये गेला की मी त्याच्या शेडमधून ती न्यायचो. सफरचंदं उतरवली की परत ठेवायचो."

"अकरा वर्षं?"

"अकरा. एक पायरी मोडली होती, ती मी बसवली. पुढच्या वर्षी पाहिलं तर त्याने तिला रंग दिलेला." त्याने मोगरी हातात फिरवली. "या वर्षी सफरचंदं झाडावरच आहेत. शेडला कुलूप नाही, पण आता कुणाला चोरून न्यायची?"

मोगरी त्याच्या उजव्या हातात होती. त्याला ते दिसलं, मलाही दिसलं. मग त्याने ती ठेवली, कानामागची पेन्सिल काढली, ओठावर ओली केली आणि पत्र्याच्या आत, रेघेच्या खालच्या बाजूला लिहिलं: क्लिफ बफ्टन. वरच्या बाजूला: ऑब्रे प्रीस. उजव्या हाताने, सावकाश, शाळेतल्या अक्षरात.

मध्ये रेघेवर बरीच जागा उरली होती. मी तिच्याकडे पाहत राहिले.

"नाही," ऑब्रे म्हणाला. "तू पैज हरलीस."